ब्राम्स आणि शेवटचें आसन

‘ब्राम्स आवडतो का?’ अशा अर्थाच्या नांवाची १६ भागांची दूरचित्रवाणी-मालिका २०२० सालीं दक्षिण कोरियांत प्रसारित झाली. तिचे आरंभींचे भाग नुकतेच पाहिले. नायिका सोंग-आ व्यापारशास्त्राची पदवी घेऊन मागाहून व्हायोलिनकडे वळलेली. वाद्यवृंदांत तिचें आसन अगदीं शेवटीं. नायक जून-यंग नामांकित पियानोवादक. पण त्याचें मन मित्राच्या प्रेयसीवर जडलेलें. ब्राम्सहि (१८३३–१८९७) आपला हितकर्ता शूमान याच्या पत्नीवर, क्लारावर, अनुरक्त होता व अखेरपर्यंत अविवाहित राहिला. प्रेमकथा पुष्कळ आहेत. परंतु जी कला आपणांस पुरती वश होत नाहीं, तिच्यावर प्रेम करीत राहावें काय, हा येथील खरा प्रश्न. शेवटच्या बाकांवरील मुलें आयुष्यभर पाहिलेल्या मला त्याचें उत्तर अद्याप देतां आलेलें नाहीं.