किडलेली दाढ : काढायची की वाचवायची?

पारनेर तालुक्यातल्या निघोजला शाळेची सहल नेली असेल, तर कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आपण पाहिलेच असतील. कठीण बेसाल्टमधल्या एखाद्या लहानशा खोलगट जागेत दगडगोटे अडकतात, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात आणि हळूहळू तिथे रांजण कोरला जातो. दाढेतला खड्डाही असाच एका बारीक खाचेतून वाढतो. मात्र इथे गोट्यांचे काम आम्ल करते.

खाचेत अडकलेल्या अन्नातल्या साखरेपासून तोंडातले जीवाणू आम्ल बनवतात. दाताचे कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. तरीही सामू साधारण 5.5 च्या खाली गेला, की त्यातली खनिजे विरघळू लागतात. लाळ आम्लाचा जोर कमी करते, काही खनिजे परतही देते. म्हणून सुरुवातीचा पांढुरका डाग स्वच्छता आणि फ्लोराइड यांमुळे तिथेच थांबू शकतो. खड्डा पडला, की मात्र तो भरून येत नाही. कारण एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा झालेल्या असतात.

मग उपाय ठरतो तो खड्ड्याच्या खोलीवरून. कीड एनॅमलमध्ये किंवा त्याखालच्या डेंटिनमध्येच असेल, तर किडलेला भाग काढून खड्डा भरतात. आपण जिला ‘चांदी’ म्हणतो, तिच्यात चांदी, कथील व तांबे यांच्याबरोबर वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. ती टिकाऊ असते. पण पारा पर्यावरणाला घातक असल्याने 2013 च्या मिनामाता करारात तिचा वापर कमी करण्याचे ठरले. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाने घट्ट होते. ते भरताना जागा अगदी कोरडी ठेवावी लागते. ग्लास आयोनोमर सिमेंट लवकर झिजते, पण ते दाताला रासायनिक बंधाने चिकटते आणि फ्लोराइडही सोडते. हातातल्या अवजारांनी कीड खरवडून हे सिमेंट भरण्याची पद्धत 1980 च्या दशकात टांझानियात पुढे आली. तिला वीज लागत नाही. त्यामुळे ती शाळेच्या वर्गातही वापरता येते.

कीड आतल्या मऊ गरापर्यंत पोचली, की दाढ ठणकू लागते. तरीही रूट कॅनाल करून, म्हणजे गर काढून, मुळांतल्या नळ्या साफ करून व भरून, वर टोपी बसवली, तर दाढ वाचते. दाढ वाचण्याजोगी नसेल, तरच ती काढायची. काढल्यावर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात. तिथे ब्रिज किंवा इम्प्लांट बसवता येते, पण तो खर्च सगळ्यांना झेपत नाही.

शिक्षकांचे काम याच्या कितीतरी आधी सुरू होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिला दुधाची समजून ‘पडेलच की’ म्हणत घरची मंडळी सोडून देतात. ती मात्र कायमची असते. किडून गेली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

पहिली-दुसरीच्या मुलांना उजेडात उभे करून ‘आ’ करायला सांगा. समोरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत जा. पडलेल्या दाताची जागाही मोजा. दुधाचे दात पाच, सहावी दाढ कायमची! तिच्या खाचेत काळा ठिपका किंवा खड्डा दिसला, तर ठणक्याची वाट न पाहता पालकांना निरोप धाडा. त्या दिवशी सिमेंटवर भागणारे काम पुढे रूट कॅनालवर जाते.