बिजागरीतला रेडिओ

आमच्याकडे अकरा वर्षांचा एक लॅपटॉप आहे. महिनाभर त्याने एक खोड धरली होती. मध्येच इंटरनेट जायचं आणि दोन मिनिटांनी, कुणी काही न करता, परत यायचं. कुणाला दाखवायला घेतलं की स्वारी शहाण्यासारखी चालणार; दवाखान्याची पायरी चढताच खोकला थांबतो ना, अगदी तसं.

शेवटी पिंगला शरण गेलो. माईक मूस या अमेरिकी प्रोग्रामरने १९८३ मध्ये लिहिलेला हा इवलासा प्रोग्रॅम. पाणबुडी पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकते, त्या आवाजावरून त्याचं हे नाव. दुसऱ्या यंत्राला हाक मारायची आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. मी दोन खिडक्या उघडल्या. एकीतून घरातल्या राउटरला हाका, दुसरीतून लांबच्या सर्व्हरला. राउटर ओ देतोय आणि लांबचा गप्प, तर दोष घराबाहेरचा. माझ्याकडे दोघेही एकदमच गप्प झाले. त्याच वेळी, त्याच वायफायवर, शेजारच्या मोबाइलवर मात्र व्हिडिओ मजेत चालू! इंटरनेट कंपनी सुटली, राउटरही सुटला.

मग मायक्रोवेव्हवर संशय घेतला. तोही वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो आणि त्याच्या दारातून थोडी गळती होतेच. गंमत म्हणजे आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा मायक्रोवेव्ह सेकंदाला पन्नासदा ओरडतो आणि तितक्याच वेळा श्वास घ्यायला थांबतो. त्या फटींतून वायफाय आपला निरोप सरकवतं. पण आमचा मायक्रोवेव्ह त्या आठवड्यात बंदच होता. वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्डाला डुलकी घेऊ देणारी सोय बंद केली, ड्रायव्हर नवा टाकला. फरक शून्य.

उलगडा झाला तो ऊन डोळ्यांवर आलं म्हणून लॅपटॉपचा पडदा जरा मागे कलवला तेव्हा. इंटरनेट गेलं. पुढे घेतला, आलं.

बहुतेक लॅपटॉपांत वायफायचं कार्ड कीबोर्डाखाली असतं, पण त्याचे कान असतात वर, पडद्याच्या चौकटीत. वायफायच्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. तिचा पाव भाग ३ सेंटिमीटर, म्हणून बोटभर पत्र्याची अँटेना पुरते. राउटर बोलतो दशांश वॅटने. दोन-तीन भिंती ओलांडून कधीकधी त्यातला शंभर कोटीवा भाग उरतो आणि तेवढ्यावर सिनेमा चालतो! हा जवळजवळ नसलेला आवाज कार्डापर्यंत नेणारी तार जेमतेम मिलिमीटरभर जाड. मध्ये तांब्याचा धागा, त्यावर प्लास्टिक, त्यावर केसांहून बारीक तारांची वेणी. ही वेणी बाहेरचा गोंगाट अडवते आणि संदेशाची परतीची वाटही तीच. टोकाला शर्टाच्या टिचबटणासारखं एक बटण, ते कार्डावर दाबून बसवलेलं.

आणि ही तार जाते बिजागरीतून. दिवसाला दहा वेळा उघडझाप धरली, तर अकरा वर्षांत चाळीस हजार वेळा ती एकाच जागी वाकली. वेणीतला एकेक धागा तुटत गेला. तुटलेली टोकं एका कोनात एकमेकांना टेकायची, दुसऱ्या कोनात सुटायची. महिनाभर मी सॉफ्टवेअरमध्ये शोधत होतो तो दोष पडद्याच्या कलण्यात होता.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्याने तारांची नवी जोडी घातली. जुनी फेकण्याआधी त्याने तिच्या वेणीच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावला. सरळ धरली की पीं वाजायचं, वाकवली की गप्प. “बघा काका,” म्हणत त्याने ती आणखी दोनदा वाकवून दाखवली. मग मीही एकदा वाकवून पाहिली.