भरतीचा आलेख स्वतः रचताना

भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार आलेख असतातच: किती अर्ज आले, किती मुलाखती झाल्या, किती जण रुजू झाले. पण मनुष्यबळ विभागाचे प्रश्न याहून नेमके असतात. उमेदवार कोणत्या फेरीत गळतात? ओळखीतून आलेले जास्त टिकतात की जाहिरात पाहून आलेले? अशा वेळी आलेख स्वतः रचावा लागतो. काय मोजायचं, ते कशानुसार विभागायचं, कोणता काळ धरायचा, हे आधी ठरवायचं. खांब काढायचे की रेषा, हे नंतर.

यात विभागणी सर्वांत जोखमीची. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाचं उदाहरण प्रवेशाचं आहे, पण निवडीचं गणित तेच. १९७३ साली तिथे पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के निवडले गेले, स्त्रियांपैकी ३५ टक्के. भेदभाव उघडच वाटतो! संख्याशास्त्रज्ञ पीटर बिकेल आणि सहकाऱ्यांनी हीच आकडेवारी विभागवार मांडली आणि १९७५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापली, तेव्हा चित्र पालटलं. स्त्रियांचे अर्ज मुख्यतः जिथे कुणालाही प्रवेश मिळणं अवघड, अशा विभागांत होते. म्हणून एकूण टक्केवारीवर थांबणारा आलेख कुणाच्याही हाती देऊ नये.

सरासरीही अशीच फसवते. समजा, चार जागा प्रत्येकी २० दिवसांत भरल्या आणि पाचवीला १२० दिवस लागले. सरासरी येते ४० दिवस, जेवढे एकाही जागेला लागले नव्हते. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र २० दिवस सांगतो. भरतीचा कालावधी दाखवताना मध्यकच निवडावा, आणि रखडलेली ती पाचवी जागा त्याच आलेखात वेगळी दिसू द्यावी.