एका फुटाला अर्धा इंच

आज आपण विमान बनवायला शिकणार आहोत. उडणारं नव्हे, पाटावर मावेल एवढं. पण खऱ्याशी शेजारी ठेवून ताडून पाहावं, इतकं हुबेहूब.

बाजारात विमानाचे तयार सुटे भाग खोक्यात मिळतात. ते जोडले, रंगवले की झालं. काही हौशी मंडळी मात्र खोकं घेतच नाहीत. ती नकाशा घेतात, आणि कोऱ्या पुठ्ठ्यातून, लाकडातून, प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून एकेक भाग स्वतः कापतात. त्याला महिने लागतात. यात आपल्या उपयोगाचं काय, असं वाटत असेल, तर थोडा धीर धरा. या कामाचा खरा गाभा मापाचा आहे, आणि मापाचा आपल्या घराशी फार जवळचा संबंध आहे.

आधी विमान कोणतं ते ठरवू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल मद्रासला नेलं. आपल्या देशातली टाटांची हवाई टपालसेवा तिथून सुरू झाली, आणि तिचीच पुढे एअर इंडिया झाली. ते छोटं विमान होतं ‘पस मॉथ’, ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचं. धड पोलादी नळ्यांचं, पंख लाकडाचे, आणि वरून सगळं कापडानं मढवलेलं. पंखांचा विस्तार, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी, ३६ फूट ९ इंच. लांबी २५ फूट. हेच विमान आपण करू.

पहिली पायरी नकाशाची. विमानाचे निदान तीन नकाशे लागतात : वरून पाहिलेला, बाजूनं पाहिलेला आणि समोरून पाहिलेला. शिवणकाम करणाऱ्या बायकांना हे नवीन नाही. ब्लाउजचा पुढचा भाग, पाठ आणि बाही कागदावर वेगवेगळी आखतो, पण डोळ्यांपुढे अंगावरचा ब्लाउज असतो. इथेही तसंच. शिवाय धड मध्येमध्ये कापलं तर कसं दिसेल, याच्याही आकृत्या लागतात. काकडीच्या चकत्या कराव्यात तशा. कोणती चकती किती रुंद, किती उंच, हे कळलं की धडाचा आकार हाती आला.

दुसरी पायरी प्रमाणाची. आपण एकास चोवीस हे प्रमाण घेऊ. खऱ्या विमानातले २४ इंच आपल्याकडे १ इंच होणार. म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. आता हिशोब करा. २५ फुटांची लांबी झाली साडेबारा इंच. ३६ फूट ९ इंचांचे पंख झाले १८ इंच ३ सूत. इंचाचे आठ सूत, हे गावातल्या सुताराला विचारलं तरी तो सांगेल. साडेपाच फुटांचा वैमानिक झाला पावणेतीन इंचांचा. विमानातली तीन इंचांची तबकडी झाली फक्त एक सूत.

इथेच सगळी मेख आहे. प्रतिकृतीत एक सूत चुकलं, तर खऱ्या विमानात तीन इंच चुकले. चाक एक सूत मोठं झालं, तर विमान लगेच खेळण्यासारखं दिसतं. आणि प्रमाण एकदा ठरलं की ते सगळ्यांना सारखं. पंख एकास चोवीस आणि खुर्ची अंदाजानं, असं चालत नाही.

तिसरी पायरी सांगाड्याची. लग्नपत्रिकेचा जाड कागद किंवा वहीचा पुठ्ठा चालेल. धडाच्या चौकटी कापून ओळीनं उभ्या करायच्या आणि लांब पट्ट्यांनी जोडायच्या. प्रत्येक चौकट गुण्या लावून काटकोनात आहे ना, हे डिंक सुकण्याआधीच पाहायचं. एक चौकट कलली की शेपटीपर्यंत सगळं धड पिळतं. कापताना पोलादी पट्टी धरा, ब्लेड एकदम दाबू नका, दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापा. पट्टी धरलेली बोटं ब्लेडच्या वाटेतून बाजूला ठेवा.

पंखांना फासळ्या असतात. ज्या फासळ्या एकसारख्या आहेत त्या एकेक कापू नयेत. सगळे तुकडे थप्पी करून टाचणीनं घट्ट बांधायचे आणि एकदमच पॉलिश पेपरनं घासायचे. कापडाच्या चार घड्या एकत्र बेततो, त्यातलाच हा प्रकार. फासळ्या बांबूच्या बारीक कामट्यांवर बसवायच्या आणि वरून पातळ कागद चिकटवायचा. कागदावर पाण्याचा हलका फवारा मारला की तो सुकताना ताणला जातो. खऱ्या विमानाच्या कापडावर ‘डोप’ नावाचा लेप देत, त्यानं कापड असंच ताठ होई. कागदाखाली फासळ्यांचे उंचवटे किंचित जाणवले पाहिजेत, पण बरगड्या मोजता येतील इतके नकोत.

चौथी पायरी बारकाव्यांची. विजेच्या जुन्या वायरीतली तांब्याची तार तारांसाठी, खराट्याचे हीर दांड्यांसाठी, शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक खिडक्यांसाठी. पण बारकावा कशासाठी आहे, हे कळल्याशिवाय तो नीट बनत नाही. पस मॉथचे पंख मागे दुमडता येत, म्हणजे विमान कमी जागेत ठेवता येई. म्हणून पंखाच्या मुळाशी बिजागरी दाखवावी लागते. चाकांच्या पायांवरची चपटी आच्छादनं आडवी फिरवता येत. ती आडवी केली की वारा अडे आणि उतरताना वेग कमी होई. हे माहीत असलेली बाई ती पट्टी योग्य जागी आणि योग्य कोनात बसवते. न कळता नक्कल करणारी ती कुठेतरी चिकटवते.

जे फोटोत दिसत नाही आणि नकाशातही नाही, तिथे चांगला कारागीर मनानं काही घालत नाही. ती जागा तो साधी ठेवतो. खोटा बारकावा घालण्यापेक्षा रिकामी जागा बरी.

शेवटी रंग. आधी सगळ्यावर राखाडी रंगाचा पातळ हात द्यायचा. त्यात खाचा, डिंकाचे थेंब, ओबडधोबड सांधे लगेच दिसतात. ते घासायचे आणि पुन्हा राखाडी हात. मग खरा रंग, पातळ दोन-तीन थरांत. जाड रंगानं सगळी मेहनत बुजते. अक्षरं अगदी शेवटी. टाटांच्या विमानावर नोंदणीची अक्षरं होती व्हीटी–एडीएन. ‘व्हीटी’ हे भारतातल्या विमानांचं चिन्ह, आजही तेच आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. घरकुल मंजूर होतं तेव्हा नकाशा येतो. गावात पाण्याची टाकी, अंगणवाडीची खोली होते, तेव्हाही नकाशा असतो. तो बहुतेक वेळा पुरुषांच्या हातात असतो आणि आपण सही करतो. प्रधानमंत्री आवास योजनेत गावातल्या घराचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. नकाशावर एकास शंभर लिहिलं असेल, तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा एक मीटर. पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद घर कागदावर पाच सेंटिमीटरचा चौकोन दिसेल. पट्टी लावून हे पाहता आलं, तर पायाच्या वेळीच विचारता येतं, ‘नकाशात खोली तीन मीटर आहे, इथे फीत अडीच का दाखवते?’ भिंत उभी राहिल्यावर हा प्रश्न फार महाग पडतो.

मुलींसाठी तर याचा आणखी उपयोग आहे. आयटीआयमध्ये फिटर, शीट मेटल वर्कर, ड्राफ्ट्समन अशा कामांना नकाशा वाचता येणं हा पाया आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलीनं पुठ्ठ्याचं विमान केलं, तर त्याला पसारा म्हणू नका. तिला विचारा, ‘प्रमाण किती घेतलंस?’ उत्तर देता आलं, तर ती अर्धी वाट चालून गेली आहे.

विमानाला वेळ लागेल, पण सुरुवात पुढच्या बैठकीतच करता येईल. मोजायची फीत आणि एक मोठा कागद आणा. ज्या खोलीत बसता ती मोजा आणि एका फुटाला अर्धा इंच धरून आखा. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोली सहा इंच आणि पाच इंच होईल. दार, खिडकी, कपाट, सगळं त्याच मापात. मग कागद शेजारणीला द्या. तिला न सांगता खोली ओळखता आली आणि दाराची रुंदी कागदावरून बरोबर सांगता आली, तर पहिला नकाशा जमला.