मोनेचा सूर्यास्त नेमका कोणत्या दिवसाचा?

चित्रातला प्रकाश खरा की चित्रकाराच्या मनातला? गप्पांसाठी प्रश्न मस्त आहे. पण पीएचडीच्या प्रस्तावात असाच लिहिलात तर गाईड पहिलं हेच विचारतील, "मोजणार काय?" मोजता येईल असा प्रश्न कसा तयार होतो, याचं माझं एक आवडतं उदाहरण आज बघू.

क्लोद मोने १८८३ च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर, एत्रता गावात मुक्कामाला होता. तिथे पांढरे उंच कडे आहेत, कड्यात नैसर्गिक कमान आहे आणि शेजारी समुद्रात उभा टोकदार सुळका. तिथला मावळता सूर्य त्याने रंगवला. टेक्सासमधले खगोलभौतिकशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन आणि सहकाऱ्यांनी साधा प्रश्न घेतला: हा सूर्यास्त कोणत्या दिवसाचा?

आधी जागा. कमान आणि सुळका चित्रातल्यासारखे दिसतात ती जागा त्यांनी किनाऱ्यावर फिरून शोधली. मग सूर्य. त्या अक्षांशावर फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची जागा रोज साधारण अर्धा अंश उत्तरेकडे सरकते, म्हणजे जवळपास सूर्यबिंबाच्या रुंदीएवढी. त्यामुळे मोजकेच दिवस उरले. त्यांतले बाकीचे दिवस भरती-ओहोटी, हवामान आणि मोनेची पत्रं यांनी बाद केले. उत्तर आलं: ५ फेब्रुवारी १८८३, स्थानिक वेळेनुसार दुपारी ४ वाजून ५३ मिनिटं.

यातून शिकायचं काय? हे पुरावे एकमेकांच्या आधारावर उभे नाहीत. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते ती मुख्यतः चंद्रामुळे. पत्रं माणसाने लिहिलेली. वेगवेगळ्या वाटा एकाच तारखेला पोचल्या की निष्कर्षाला वजन येतं.

पण गृहीतक विसरू नका: सूर्य जिथे दिसला तिथेच मोनेने काढला, असं इथे धरलंय. शिवाय तो अनेकदा चित्रं नंतर स्टुडिओत पूर्ण करायचा. म्हणून रंगांबद्दल हीच खात्री देता येत नाही. आणि तारीख सापडली म्हणजे त्या कड्यांची भव्यता किंवा संध्याकाळची हुरहुर 'सिद्ध' झाली, असंही नाही.

मग उपयोग काय? निसर्गाने काय दिलं आणि चित्रकाराने काय केलं, हे आता वेगळं करून बघता येतं. मांडणी बरीचशी किनाऱ्याची असेल, तर भाव शोधायला रंगांकडे आणि ब्रशच्या फटकाऱ्यांकडे जायला हवं. पुढचा प्रश्न तिथून सुरू होतो.

तुमचा विषय एका वाक्यात लिहा आणि खाली लिहा: कोणता पुरावा मिळाला तर मी चुकीचा ठरेन? ही ओळ कोरी राहिली, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.