कुंडलिका वाहते की वाहतेय?

कुंडलिका जालना शहरातून वाहते. हे भूगोलाच्या पुस्तकातले वाक्य. वैशाखात पात्र कोरडे पडले तरी ते खोटे ठरत नाही. 'कुंडलिका वाहतेय' ही मात्र बातमी झाली: वर कुठे तरी पाऊस झालाय, पाणी आलेय. हा फरक जालन्यात कुणाला शिकवावा लागत नाही, आणि इंग्रजीतल्या 'फ्लोज' व 'इज फ्लोइंग' यांत नेमका तोच फरक आहे. तरीही इंग्रजीचा वर्तमानकाळ आला की भलेभले अडखळतात. दोष त्यांच्या कानाचा नाही, पाठ केलेल्या जोड्यांचा आहे. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. पण 'करतो' म्हणजे 'डू', 'करत आहे' म्हणजे 'अ‍ॅम डूइंग', 'केले आहे' म्हणजे 'हॅव डन' ही घोकंपट्टी काही सुटली नाही. क्रियापदाचे रूप पाहून भाषांतर करण्यापेक्षा बोलणारा काय सांगतोय ते पाहिले, तर मराठीचा कानच बरेचसे काम करतो.

जोडी कुठे तुटते, ते जालन्याच्याच उदाहरणाने पाहू. औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतला भाग घेऊन 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला. 'जालना 1981 पासून जिल्हा आहे' असे आपण बिनदिक्कत म्हणतो, कारण मागचा काळ 'पासून' सांगतो आणि 'आहे'ला फक्त आजचे सांगायचे उरते. इंग्रजीत मात्र 'जालना इज अ डिस्ट्रिक्ट सिन्स 1981' चालत नाही. तिथे कालपासून आजपर्यंतची सलगता क्रियापदालाच दाखवावी लागते, म्हणून 'हॅज बीन'. जालन्यात 1964 साली सुरू झालेली महिको ही कंपनी तेव्हापासून बियाणे तयार करते, हे सांगतानाही तेच. त्यात आपला 'पासून' दोन्हीकडे चालतो, 1981 पासून आणि दहा वर्षांपासूनही. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' आणि मुदतीला 'फॉर' लागतो. उलट बाजूनेही फसगत होते. 'मी कालच आलोय' हे अस्सल मराठी, पण 'आय हॅव कम यस्टरडे' चूक. 'हॅव'चे दार आजच्या बाजूला उघडे असते आणि 'काल' तर बंद झाला. तिथे साधा भूतकाळच हवा.

यावर कुणी म्हणेल, 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' असे अर्धा देश बोलतो आणि सगळ्यांना कळते, मग एवढा काथ्याकूट कशाला? खरे आहे, भावांची संख्या कळायला काही अडत नाही. 'मला कळतंय'मधला 'य' ऐकून 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' म्हणणाऱ्याचेही कळतेच. असणे, माहीत असणे, कळणे या स्थितींना इंग्रजी सहसा चालू रूप देत नाही, इतकेच. जेवण ही कृती, म्हणून 'हॅविंग लंच' चालते. पण प्रत्येक चूक इतकी निरुपद्रवी नसते. रोलिंग मिलमध्ये आजही कामावर असलेल्याने अर्जात 'आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' लिहिले, तर वाचणारा समजतो की गड्याने नोकरी सोडली. 'हॅव वर्क्ड' लिहिले की तो अजून तिथेच असल्याचे समजते. मराठीत 'पाच वर्षं काम केलं' आणि 'पाच वर्षं काम करतोय' यांची गल्लत हाच माणूस कधी करणार नाही.

दुसरा आक्षेप असा की व्याकरणाने जीभ आखडते. पोरे ऐकून-बोलूनच भाषा शिकतात. जिथे दिवसभर इंग्रजी कानावर पडते तिथे तसे होतही असेल. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन-घनसावंगीत ती भेटते पुस्तकात नाही तर मोबाइलवर, म्हणून तिथे उसना कान मराठीचाच घ्यावा लागतो. अर्थात तो सगळीकडे पुरत नाही. 'उद्या मुंबईला जातो' याचे 'आय गो टुमारो' करू नये. ठरलेल्या बेताला इंग्रजीत 'अ‍ॅम गोइंग' लागते, आणि साधे 'लीव्ज' वेळापत्रकातल्या गाडीला, मग ती फलाटावर तीन तास उशिरा का येईना. आणि उंबऱ्यावरून निघताना आपण जो 'येतो' म्हणतो, त्या वर्तमानकाळाला इंग्रजीत जागाच नाही. तिथे मुकाट्याने 'बाय' म्हणावे.