एसएसडीची प्रकृती : आज्ञेच्या एका ओळीत
नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या संगणक कंपनीने आपल्या ग्राहकांना एक गंभीर इशारा दिला. सर्व्हरमध्ये बसविण्यात आलेल्या काही विशिष्ट एसएसडी ३२,७६८ तास चालल्यानंतर कायमच्या निकामी होतील आणि त्यांतील माहितीही परत मिळविता येणार नाही, असे त्यात नमूद करण्यात आले होते. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. दोष यंत्राच्या अंतर्गत आज्ञावलीत, म्हणजेच फर्मवेअरमध्ये होता. ही संख्या २ चा पंधरावा घात आहे. १६ बिटांच्या चिन्हयुक्त मोजणीत ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही, त्यामुळे तासांची मोजणीच यंत्राच्या मुळावर उठली असावी, असा तर्क जाणकारांनी केला. मार्च २०२० मध्ये आणखी काही एसएसडींबाबत ४०,००० तासांचा तसाच इशारा देण्यात आला.

सर्व्हरमध्ये अनेक डिस्क एकमेकींना आधार म्हणून जोडलेल्या असतात. एक बंद पडली तरी माहिती शाबूत राहते. मात्र सर्व डिस्क एकाच दिवशी सुरू झाल्या असतील, तर त्यांची घटकाही एकदमच भरणार! म्हणूनच त्या वेळी प्रत्येक व्यवस्थापकापुढे एकच प्रश्न होता : आपली कोणती एसएसडी किती तास चालली आहे?

याचे उत्तर देणारी आज्ञा म्हणजे 'स्मार्टसीटीएल'. ती 'स्मार्टमॉनटूल्स' या मुक्त संचाचा भाग आहे. गुरुत्वीय लहरींचे अभ्यासक ब्रूस ॲलन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. (याच लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली.) लिनक्सच्या टर्मिनलवर प्रशासकाच्या अधिकाराने ही आज्ञा 'ए' या पर्यायासह द्यावी आणि पुढे डिस्कचे नाव लिहावे, यंत्राने स्वतःविषयी ठेवलेली सारी नोंद पडद्यावर येते. जुनी हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी बहुधा खडखडाट करीत असे. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने तशी पूर्वसूचना कानावर येत नाही, आणि या नोंदीचे महत्त्व त्यामुळेच वाढते.

एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीत 'पर्सेंटेज यूज्ड' हा आकडा सर्वप्रथम पाहावा. उत्पादकाने गृहीत धरलेल्या आयुष्यापैकी किती टक्के खर्च झाले, हे तो सांगतो. तो १०० च्या पुढेही जाऊ शकतो. १०० झाले म्हणजे यंत्र संपले, असा समज चुकीचा आहे. पण बदलीची तयारी तेव्हा झालेली असावी. 'अव्हेलेबल स्पेअर' म्हणजे खराब झालेल्या भागांच्या जागी वापरण्यासाठी राखून ठेवलेल्या साठ्यातील शिल्लक. ती शेजारी दिलेल्या किमान मर्यादेखाली गेल्यास विलंब करू नये. 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य असणे उत्तम. लिहिलेल्या माहितीचे एक एकक ५,१२,००० बाइटचे असते, म्हणजे १ कोटी एकके सुमारे ५.१२ टेराबाइट होतात.

देखभालीसाठी 'एफएसट्रिम' ही आज्ञा आहे. फाइल पुसली तरी तिची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला आपोआप कळत नाही. ही आज्ञा ते कळविते. अनेक लिनक्स वितरणांत हे काम आठवड्यातून एकदा परस्पर होते. 'स्मार्टडी' ही पार्श्वभूमीवर चालणारी सेवा डिस्कवर सतत लक्ष ठेवते आणि बिघाडाची चिन्हे दिसताच ईमेल धाडते.

'एनव्हीएमई' या आज्ञेने एसएसडीची आरोग्य-नोंद पाहता येते, फर्मवेअरही बदलता येते. मात्र तिचाच 'फॉरमॅट' हा उपप्रकार काही क्षणांत सारी माहिती नष्ट करू शकतो. त्यामुळे आज्ञा देण्यापूर्वी डिस्कचे नाव आणि अनुक्रमांक दोनदा ताडून पाहावा. फर्मवेअर बदलण्याआधी माहितीची प्रत दुसऱ्या यंत्रावर घेतलेली असावी, आणि ती प्रत उघडते की नाही, हेही पाहून घ्यावे.